पहिलं हसू

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही, तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पण तोंडाला कुलूप घालून बसलेली बाराशे माणसं मी एका वाक्यावर खदाखदा हसवलेली आहेत, आणि त्या वाक्यात विनोद औषधालासुद्धा नव्हता.

"मागच्या वेळी आठशे होती," जावई म्हणाले.

"मागच्या वेळी तुम्ही नवीन होता, जावईबापू. पहिल्याच भेटीत सगळी माणसं आत सोडायची नसतात."

वहिनी खिडकीपाशी उजेडात बसून उशीचा अभ्रा शिवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाट्यगृहात खुर्च्याच पाचशे होत्या."

"उरलेली उभी होती," मी म्हणालो. खोटं बोलावं तर असं, की समोरच्याला मोजायला परत जावं लागेल.

तर माझा धंदा हसण्याचा. हसवण्याचा नव्हे, तो माझ्या थोरल्या भावाचा. दादा लिहायचा, नट बोलायचे, मी हसायचो. तिघांत अवघड काम माझं. दादाला एक विनोद एकदाच लिहावा लागे. मला तोच विनोद रोज नव्याने, आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसावा लागे. बाहेर मी नाटक कंपनीचा तिकिटं फाडणारा होतो. दारं लागली, दिवे गेले की अंधारात जाऊन बसायचो आणि खरी नोकरी सुरू व्हायची. कंपनीत मला सगळे भोंगा म्हणत. मी हसलो की मागच्या गल्लीतली माणसं कारण न विचारता हसायला लागत, असा तो आवाज. एकदा स्टेशनवर हसलो तर गाडीला शिट्टी मिळाली असं वाटून ड्रायव्हरने गाडी सोडली होती. मयताला तर मला कुणी बोलवतच नसे. सांत्वनाला घरी येऊन जा म्हणायचे, तेही तेराव्यानंतर कधीतरी.

लोकांना वाटतं, नाटक विनोदी असलं की माणसं आपोआप हसतात. हसतात, कुणी खुर्चीवरून पडलं तर हसतात. त्याला भोंगा लागत नाही. पण नाटक टोचणारं असलं, वरच्या माणसाची टोपी उडवणारं असलं, की प्रेक्षक आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे बघतो, आणि शेजारचे दात दिसले तरच आपले दाखवतो. जी ओळ घरी एकट्याने वाचताना तो नुसता 'हं' करेल, तीच ओळ भरल्या नाट्यगृहात त्याला पोट धरायला लावते. आणि तीच ओळ गप्प बसलेल्या माणसांत ऐकली तर त्याला वाटतं, अरे, ही तर चक्क शिवी आहे, आपण इथे बसलोय हे कुणी पाहिलं तर? ओळ तीच. टाचणी तीच. आजूबाजूची माणसं ठरवतात गुदगुल्या झाल्या की रक्त आलं.

म्हणून पहिलं हसू कुणीतरी सोडावं लागतं. ते मागून सोडायचं. पुढून आलेलं हसू माणसाला दिसतं, मग तो हसणाऱ्याकडे बघत बसतो. मागून मानेवर आलेलं हसू त्याला आपलंच वाटतं. आणि दुसरी गोष्ट, ते विनोदाच्या किंचित आधी सुटलं पाहिजे. नटाचा शेवटचा शब्द जिभेवरून उतरतोय न उतरतोय तोवर. पाहुणा पायरी चढायला लागला की आपण दार उघडून धरतो, तसं. पाहुणा दारात येऊन कडी वाजवेपर्यंत थांबलात तर गेलं सगळं. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. मी शिकलो ते माझ्या बुद्धीने, आणि माझ्यासारखा हसणारा पुन्हा झाला नाही.

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या.

दादा पाणीखात्यात कारकून होता. दिवसभर लोकांच्या तक्रारींवर 'चौकशी चालू आहे' असा शेरा मारायचा आणि संध्याकाळी त्याच हाताने नाटकं लिहायचा. बरीच लिहिली. सगळी कंपन्यांच्या मालकांकडून साभार परत आली, काही तर न उघडता. पोस्टमनसुद्धा पाकीट हातात देताना डोळे चुकवायला लागला होता. मग त्याने 'फिरता दगड' लिहिलं आणि आमच्या मालकांनी ते घेतलं.

नाटकात एक साहेब होता. निवडणूक जवळ आली की तो नदीवरच्या पुलाचा पायाचा दगड बसवायचा, आणि निवडणूक झाली की दगड काढून पुन्हा कोठीत ठेवायचा, पुढच्या वेळेसाठी. आता आमच्या शहरातही एक नदी होती, तिच्यावर पूल नव्हता, आणि आमच्या नगराध्यक्षांनी त्या पुलाचा दगड तोवर इतक्यांदा बसवला होता की त्याचे कोपरे झिजून तो नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. दादा म्हणायचा, मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

पहिले काही प्रयोग चांगले गेले. मी दार उघडून धरायचो, लोक आत यायचे. दुसऱ्या अंकात साहेबाचा सहायक दगडाला तेलपाणी करतो, तिथे तर एक म्हातारा खुर्चीवरून घसरून दोन रांगांच्या मध्ये अडकला होता आणि तसाच हसत होता. दादा विंगेत उभा राहून ऐकायचा. हसू आलं की त्याचा चेहरा असा व्हायचा, की पाणीखात्यात त्याला कुणी ओळखलं नसतं.

आणि मग चिठ्ठी आली की शनिवारच्या प्रयोगाला स्वतः नगराध्यक्ष येणार आहेत.

मालकांनी आम्हाला रंगपटात बोलावलं. तडा गेलेल्या आरशासमोर बसून ते पावडरच्या डब्याचं झाकण लावत होते, काढत होते, लावत होते.

"नाट्यगृह कुणाचं?" मालक म्हणाले.

"नगरपालिकेचं," दादा म्हणाला.

"परवाना कोण देतं?"

"नगराध्यक्ष," दादा म्हणाला.

"तेव्हा नीट ऐकून घ्या. शनिवारी लोक हसले तर तो नाटक बंद करील. आणि नाही हसले तर मी करीन. मेलेलं नाटक खांद्यावर घेऊन मी पुढच्या गावी जाणार नाही."

"मग आम्ही करायचं काय?" मी विचारलं.

"ते तुझ्या भावाला विचार. तो लेखक आहे."

आम्ही घरी आलो. दाराशी चप्पल काढताना दादा मला म्हणाला, "भोंग्या, हे एकच उभं राहिलंय. हे पडलं तर माझं पाकीट पुन्हा कुणी उघडून बघणार नाही."

"मी आहे ना," मी म्हणालो.

माझ्यासारखा भाऊ पाठीशी असताना लेखकाने काळजी करायची म्हणजे कमालच आहे. हे मी तेव्हाही त्याला सांगितलं. वहिनी साक्षीला आहेत.

"सांगितलं होतंत," वहिनी म्हणाल्या. "मग रात्रभर घसा शेकत बसलात."

"तयारी नको?"

शनिवारी नाट्यगृह ओसंडून गेलं. नाटक बघायला कोण आलं होतं? सगळे नगराध्यक्षांना बघायला आले होते. ते आले, पांढऱ्याशुभ्र कोटात, पहिल्या रांगेत मधोमध बसले. त्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांची माणसं. पंखे घरघरत होते, लोखंडी खुर्च्या कुरकुरत होत्या, आणि पडदा उघडल्यावर त्याही थांबल्या. मी आजवर पुष्कळ शांतता ऐकली आहे, पण तसली नाही. त्या दिवशी नाटक रंगमंचावर नव्हतंच. ते पहिल्या रांगेतल्या एका मानेवर चाललं होतं. अख्खं नाट्यगृह त्या मानेकडे बघत होतं. मान हलली तर आपण किती हलायचं, एवढाच प्रत्येकाचा हिशेब.

माझी नेहमीची जागा डावीकडच्या खांबाजवळची. त्या दिवशी मी मुद्दाम बरोबर नगराध्यक्षांच्या मागे, दुसऱ्या रांगेत बसलो. वाघाची शिकार करायची तर मचाण लांब बांधून चालत नाही.

"बसलात की बसवलं?" जावयांनी विचारलं.

"मालकांनी विनंती केली."

पहिला विनोद आला आणि गेला. दगड कोठीतून बाहेर काढताना साहेब म्हणतो, 'सांभाळून रे, हा माझ्यापेक्षा जास्त वेळा निवडून आलाय.' रोज या वाक्यावर टाळी पडायची. त्या दिवशी ते विहिरीत खडा टाकावा तसं पडलं, आणि विहीर कोरडी निघाली. दुसरा गेला. तेलपाण्याचा प्रवेश गेला. मागे कुणीतरी एकदा खुदकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. तो खोकला अजून माझ्या कानात आहे. इतका सभ्य खोकला मी कधी ऐकला नाही.

आता साहेबाचं काम करणारा आमचा मुख्य नट. त्याला ढाण्या म्हणत. आवाज ढाण्या वाघाचा आणि काळीज सशाचं. समोर खुद्द नगराध्यक्ष आणि नाट्यगृह थंडगार, हे बघून त्याचं अवसानच गळालं. त्याने वाक्यं बदलायला सुरुवात केली. आधी एक विनोद गिळला. मग दुसरा. आणि मग हळूच, लाळ गिळत, स्तुती करायला लागला. सहायकाने विचारलं, 'साहेब, पूल कधी होणार?' यावर दादाने लिहिलेलं उत्तर होतं, 'पूल झाला तर मी दगड कुठे बसवू?' ढाण्या म्हणाला, 'लवकरच होईल. साहेबांचं सगळं लक्ष तिकडेच आहे.' स्वतःच साहेब, आणि स्वतःलाच साहेब म्हणतोय.

विंगेत दादा हातात संहिता घेऊन उभा होता. तो खरी वाक्यं पुटपुटत होता, ढाण्याला ऐकू जावीत म्हणून पुढे वाकत होता. शेवटी इतका पुढे आला की त्याचं नाक पडद्याबाहेर दिसायला लागलं. ढाण्याने त्याच्याकडे पाठ फिरवली. माझ्या भावाचं नाटक, त्याने पाणीखात्याच्या दिव्याखाली लिहिलेलं, माझ्या डोळ्यांदेखत मरत होतं. दगडाची टाचणीही गेली होती आणि हसूही गेलं होतं. मालक मागच्या दारात हाताची घडी घालून उभे होते.

मी काय केलं? मी डोळे मिटले.

"घाबरून?" जावई.

"एकाग्रतेने. तुम्हाला कळायचं नाही. प्रयोग इतके झाले होते, की मला शब्द ऐकावे लागत नसत. नुसती चाल ऐकायची. सुताराला ठोका ऐकून कळतं ना खिळा कुठवर गेला, तसं. वाक्य चढलं, वळलं, आता उतरणार, की आपण सोडायचं. मी वाट बघत बसलो. आणि ढाण्याने वाक्य घेतलं. चाल तीच होती. चढण तीच, वळण तेच. शब्द तेवढे त्या भित्र्याने बदलले होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. शेवटचा शब्द सुटायच्या आत मी भोंगा सोडला."

"कुठल्या वाक्यावर?"

"ढाण्या म्हणाला, 'लोकांच्या काळजीने साहेबांच्या डोळ्याला डोळा लागत नाही.'"

जावई थांबले. मग हसले. बघा, आता तुम्हालाही हसू आलं. त्या वाक्यात विनोद कुठे आहे? कुठेच नाही. सरळ, हात जोडून केलेली स्तुती. पण तिच्यामागे एक हसू ठेवलं आणि तीच स्तुती टाचणी झाली. दादाने जन्मभर टोचणारी वाक्यं घडवली. त्याहून धारदार निघाली ती भीतीने केलेली हुजरेगिरी. ही चूक होती, मान्य. पण अशी चूक करायला जन्माची मेहनत लागते. नवशिक्या हसणारा शब्द ऐकून थांबला असता.

तर मी हसलो, आणि नाट्यगृहात पाल चुकचुकली असती तरी ऐकू आली असती. दादाचं नाक आत गेलं. ढाण्याचा हात हवेत राहिला. सगळ्यांच्या नजरा त्या मानेवर. आणि ती मान ताडकन उभी झाली, कोट गदगदला, आणि नगराध्यक्ष हसले. 'हा हा हा', चांगले तीनदा, मोठ्याने, मांडीवर थाप मारून.

मग काय विचारता. परवानगीच मिळाली. तासभर दाबून ठेवलेलं हसू एकदम फुटलं. छपरातले पारवे उडाले ते पुन्हा त्या नाट्यगृहात आलेच नाहीत. रंगमंचावरचा पुठ्ठ्याचा पूल हादरून पडला. नगराध्यक्षांच्या कोटाचं मधलं बटण तुटून उडालं आणि तबल्यावर जाऊन टणकन वाजलं, सुरात.

"बटण नका मध्ये आणू," वहिनी म्हणाल्या.

ढाण्या बिचारा आणखी घाबरला. त्याला वाटलं स्तुती कमी पडतेय. म्हणून त्याने वाढवली. म्हणाला, 'साहेबांनी स्वतःसाठी कधी काही ठेवलं नाही,' आणि बाल्कनी कोसळायची बाकी राहिली. म्हणाला, 'साहेबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ,' आणि बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. तो जितकं चांगलं बोलेल तितके लोक हसत, लोक जितके हसत तितका तो चांगलं बोले. आणि नगराध्यक्ष प्रत्येक वेळी मागे वळून लोकांकडे बघत आणि अजून मोठ्याने हसत. आपल्यावर शहराचं इतकं प्रेम आहे, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

विंगेत दादा जमिनीवर बसला होता. संहिता मिटून मांडीवर ठेवली होती आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. पाणीखात्याने इतकं पाणी एका वेळी कधी सोडलं नाही.

प्रयोग संपल्यावर नगराध्यक्ष स्वतः रंगपटात आले. दादाचा हात हातात घेऊन म्हणाले, "आमच्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी लिहिलं नव्हतं. आणि लोकांना किती आनंद झाला, बघितलंत?" दादा म्हणाला, "बघितला, साहेब." मालक दारात उभे होते. परवान्याचं कुणी नाव काढलं नाही.

त्या आठवड्यात दादाने नाटक पुन्हा लिहिलं. सगळे टोमणे काढून टाकले. एकही वाकडा शब्द ठेवला नाही. पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत साहेबाची नुसती स्तुती. वाचायला घेतलंत तर झोप येईल. पण चारचौघांत बसून ऐका. ते नाटक पडद्याचं कापड विरेपर्यंत चाललं. ज्या गावांत आमच्या नगराध्यक्षांना कुणी ओळखत नव्हतं तिथेही चाललं, कारण प्रत्येक गावाचा आपापला दगड होता. आजही कॉलेजातली मुलं ते करतात आणि पत्रिकेवर माझ्या भावाचं नाव ठळक छापतात. माझं नाव नसतं. हसणाऱ्याचं नाव कुणी छापत नाही. पण ज्या वाक्यावर तो मोठा झाला ते वाक्य मोठं कुणी केलं, हे मला ठाऊक आहे, आणि आता तुम्हालाही.

जावई चहाचा कप खाली ठेवून पुढे सरकले. मग म्हणाले, "सगळं पटलं मामंजी. एकच सांगा. नगराध्यक्ष का हसले? त्यांच्या कौतुकावर कुणीतरी भोंग्यासारखं हसतंय, तर त्यांनी रागवायला हवं होतं."

प्रश्न चांगला होता. जावई हुशार आहेत, हे मी लग्नाच्या वेळीच म्हटलं होतं.

"मोठा माणूस," मी म्हणालो. "दगडासारखा ताठ बसलेला, डोळ्याची पापणी न लववता प्रत्येक शब्द तोलत होता. त्याला वाटलं, इथे काहीतरी विनोद होऊन गेला आणि आपल्याला तो कळला नाही. कळला नाही हे दिसू द्यायचं नाही, म्हणून हसला. हा माझ्या हसण्याचा दरारा. ऐकणाऱ्याला स्वतःच्या अकलेबद्दल शंका यावी, असं..."

वहिनींनी सुई अभ्र्यात टोचून ठेवली.

"पुरे झालं, भावोजी. खोटं आहे हे."

"बटण सोडा, पण बाकी..."

"बटण जाऊ दे मसणात. तो माणूस झोपला होता. पडदा उघडल्यावर थोड्याच वेळात त्याची मान एका बाजूला कलंडली. मी दुसऱ्या रांगेत तुमच्या शेजारी बसले होते, माझ्या पुढ्यातच होती ती मान. लोकांना मागून वाटत होतं, साहेब मान वाकडी करून ऐकताहेत. आणि इकडे ढाण्या छातीवर हात ठेवून सांगतोय, साहेबांच्या डोळ्याला डोळा लागत नाही."  वहिनींचे खांदे हलायला लागले होते. "मग दचकून जागा झाला आणि झोप लपवायला हसला. तुम्ही तेव्हा डोळे मिटून, रुमाल तोंडात कोंबून बसला होतात. चूक नव्हती, चालबिल काही नव्हती. मला दिसलं, मला हसू आलं, आणि माझ्या नवऱ्याच्या नाटकात मी कुणाला विचारून हसणार नव्हते. पहिली हसले ती मी."